पन्हळ: हेरोकूवरचे लॉग मुंबईत आणताना (प्रकल्प नोंदी, जून–जुलै २०२४)

१० जून, सोमवार

आजपासून या कामाची वही वेगळी. कारण नीट लिहून ठेवते, नाहीतर महिनाभराने कुणीतरी विचारणारच, एवढा खटाटोप कशाला.

एका दूध संघाचं संकलन ॲप आम्ही चालवतो. १८० केंद्रं, सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या. उत्पादक दूध घालतो, फॅट आणि एसएनएफ (दुधातले स्निग्धेतर घन घटक) लागते, लिटर चढतात, पावती निघते. ॲप रेल्समध्ये (रुबी भाषेतली वेब-चौकट), हेरोकू या ॲप चालवणाऱ्या क्लाउड सेवेच्या आयर्लंडमधल्या प्रदेशात. सहा वर्षांपूर्वी कुणीतरी तिथे टाकलं आणि चाललंय म्हणून कुणी हलवलं नाही.

गेल्या बुधवारी, ५ तारखेला, सकाळी पावणेसातला एका केंद्राच्या अण्णांचा फोन. ‘सायेब, पावती निघंना झालीया बघा. माणसं रांगंत हुबी हायती.’ (फोन नेहमी आमच्या सायबांचाच असतो, उचलते मी.) दहा मिनिटांत त्यांचं आपोआप सुरळीत झालं. मी लॅपटॉप उघडून लॉग (ॲप चालताना लिहीत जातं त्या ओळी) बघायला गेले तर ६:४० चं काहीच नाही. सगळ्यात जुनी ओळ ६:५६ ची.

ही हेरोकूची चूक नाही. त्यांनी स्वच्छ लिहिलंय की त्यांची लॉगप्लेक्स ही यंत्रणा लॉग गोळा करून पुढे धाडण्यासाठी आहे, साठवण्यासाठी नाही. शेवटच्या १,५०० ओळी ठेवतात आणि त्याही आठवडाभरच. १,५०० हा आकडा ऐकायला बरा वाटतो. आमचा हिशोब: गर्दीच्या वेळी सेकंदाला तीन नोंदी, रेल्स दर नोंदीमागे आठेक ओळी ओकतं, राउटरची (विनंती ॲपपर्यंत पोचवणाऱ्या हेरोकूच्या दारवानाची) एक वेगळी. सेकंदाला २७ ओळी. म्हणजे आमची सगळी स्मरणशक्ती पंचावन्न सेकंदांची.

दुसरं कारण संघाच्या ऑडिटमधून आलं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग मागचे १८० दिवस ठेवायचे आणि ते भारतात ठेवायचे. नंतरच्या प्रश्नोत्तरांत त्यांनीच खुलासा केला की मागितल्यावर देता येत असतील तर परदेशातही ठेवता येतील. पण ऑडिटरला खुलासा समजावण्यापेक्षा मुंबईत ठेवणं सोपं.

१२ जून, बुधवार

तयार सेवा घ्यायची की आपलं उभारायचं यावर तासभर डोकं लावलं. तयार सेवा एका क्लिकमध्ये जोडली जाते, पण १८० दिवस म्हटलं की दर महिन्याचा आकडा संघाच्या लेखापालांना दाखवण्यासारखा राहत नाही. ठरलं ते असं: मुंबईत एक छोटं सर्व्हर. त्यावर लॉग घ्यायला वेक्टर, साठवायला लोकी, बघायला ग्राफाना. लोकीचा माल ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, तेही मुंबईतच.

लॉग बाहेर काढायच्या या वाटेला हेरोकू ‘ड्रेन’ म्हणतं. आमची धाकटी सहकारी म्हणाली, ‘ताई, मराठीत गटार होतंय हे.’ बाहेर पागोळ्या गळत होत्या. म्हटलं, पन्हळ म्हणू. वरून पडणारं पाणी भिंतीवर न सांडता हौदात नेणारी. तेच नाव रिपॉझिटरीला दिलं.

१३ जून, गुरुवार

ड्रेन जोडण्याआधी येणारी ओळ कच्ची बघायची होती. एक बारकासा रुबी सर्व्हर लिहिला, येईल ते फाइलीत ओततो. चाचणीच्या ॲपला त्याचा पत्ता दिला.

एचटीटीपीएस ड्रेन असेल तर लॉगप्लेक्स ओळी एकेक न पाठवता गठ्ठ्याने पोस्ट करतं. हेडरमध्ये गठ्ठ्यात किती ओळी आहेत तो आकडा, ड्रेनचं टोकन आणि गठ्ठ्याचा ओळख क्रमांक. आपण २०० घरातलं (‘मिळालं’ अशा अर्थाचं) उत्तर दिलं नाही तर तोच गठ्ठा त्याच क्रमांकाने परत येऊ शकतो. हे लक्षात ठेवायचं.

ओळीची रचना मजेशीर. सुरुवातीला ओळ किती बाइटांची तो आकडा, मग कोनी कंसात प्राधान्य, मग आवृत्ती १, वेळ, आणि यजमानाच्या नावाच्या जागी सरळ ‘होस्ट’ हाच शब्द. दरवेळी तोच. त्यापुढे ॲपची ओळ की हेरोकूची, कुठल्या डायनोची (ॲप ज्यात चालतं तो हेरोकूचा डबा), आणि शेवटी मजकूर. दिसायला सिसलॉग, म्हणजे लॉग पाठवण्याची आरएफसी ५४२४ मधली प्रमाण रचना, पण त्यातला ‘स्ट्रक्चर्ड डेटा’चा रकाना यांनी गाळलाय. म्हणून साधा सिसलॉग वाचणारा पार्सर इथे अडखळतो. माझा अडखळलाच. वेक्टरमध्ये हेरोकूसाठी वेगळा सोर्स आहे, तो वापरायचा.

प्राधान्याच्या आकड्यावर अर्धा तास गेला. आमच्या ॲपच्या प्रत्येक ओळीवर १९०. आठने भागा: २३, बाकी ६. २३ म्हणजे ओळीचा गट, लोकल सात; ६ म्हणजे गांभीर्य, ‘माहितीस्तव’. मुद्दाम एक्सेप्शन फेकून पाहिलं, तरी १९०. घर जळतंय हेही माहितीस्तवच. म्हणजे गांभीर्य या आकड्यावरून ओळखायचं नाही, मजकुरातूनच काढायचं.

१४ जून, शुक्रवार

संध्याकाळच्या पाळीआधी ४:१० ला खऱ्या ॲपवर ड्रेन जोडला. मिनिटभर काहीच नाही, मग ग्राफानात ओळी धो धो. जुन्या ओळी मागून येत नाहीत, जोडल्या क्षणापासूनच्याच येतात. अपेक्षित होतं.

ड्रेनच्या पत्त्यातच युजर आणि पासवर्ड असतो, आणि ड्रेनची यादी मागितली की तो पत्ता उघडा दिसतो. धाकटीने यादीचा स्क्रीनशॉट कौतुकाने ग्रुपवर टाकला. पासवर्ड बदलला. तिला रागावले नाही, मीही तेच केलं असतं.

लॉगरेजही, म्हणजे रेल्सच्या ओळी आटोपशीर करणारं जोडकाम, आजच चढवलं. एका विनंतीच्या आठ ओळींची एक ओळ झाली. हे खरं तर सहा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं.

१७ जून, सोमवार

ईदची सुट्टी, पण दूध सुट्टी घेत नाही.

धाकटीने दिवसाला किती नोंदी होतात त्याची स्क्रिप्ट लिहिली होती. तिचे आकडे आणि संघाचे आकडे जुळेनात. कधी शंभराने कमी, कधी दीडशेने जास्त. दोघींनी तासभर डोळे फोडले. शेवटी ओळीच्या वेळेमागचं शून्य-शून्य दिसलं. लॉगप्लेक्सची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. त्या घड्याळात मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे बरोबर पहाटेचे साडेपाच. म्हणजे ऐन धारा काढून लोक किटल्या घेऊन केंद्रावर येतात, त्या वेळी आमच्या स्क्रिप्टचा दिवस बदलतो. जी केंद्रं पाचला उघडतात त्यांची पहिली अर्धा तासाची नोंद आदल्या दिवसात जाऊन पडते.

ग्राफाना ब्राउझरची वेळ धरतं म्हणून आलेखात हे कधी दिसलंच नाही. साठवणीत यूटीसीच ठेवायचं, तारीख पाडताना मात्र आधी साडेपाच तास मिळवायचे. स्क्रिप्ट दुरुस्त. आकडे जुळले.

१८ जून, मंगळवार

आज अंगावर काटा आणणारी गोष्ट.

राउटरच्या ओळी चाळत होते. एका ओळीत पूर्ण पत्ता, प्रश्नचिन्हानंतरच्या भागासकट: उत्पादक शोधा, मोबाइल बरोबर, आणि पुढे दहाच्या दहा आकडे. खाली आणखी एक, पासवर्ड बदलण्याच्या दुव्यातलं अख्खं टोकन. रेल्सला मोबाइल आणि टोकन लपवायला आम्ही केव्हाच सांगितलंय आणि तो लपवतोही. पण राउटर रेल्सच्या आधी उभा असतो. त्याला आमच्या यादीची काय कल्पना? त्याला जो पत्ता आला तो त्याने लिहिला.

आत्तापर्यंत हे पंचावन्न सेकंदांत पुसलं जात होतं. आता आपण तेच १८० दिवस सांभाळून ठेवणार होतो, तेही सात जणांना ग्राफानाचं लॉगिन देऊन.

केलं ते: वेक्टरमध्ये लोकीच्या आधी एक पायरी, राउटरच्या ओळीतला प्रश्नचिन्हापुढचा सगळा भाग कापायचा. मजकुरात कुठेही सलग दहा आकडी मोबाइल दिसला तर शेवटचे चार ठेवून बाकी फुल्या. मूळ दुखण्यावर औषध म्हणून उत्पादकाचा शोध गेटऐवजी पोस्टने, म्हणजे मोबाइल पत्त्यात येतच नाही. चार दिवसांचा जमलेला साठा पुसून टाकला. जीव खाली पडला.

२१ जून, शुक्रवार

वटपौर्णिमा. धाकटी अर्ध्या दिवसाच्या रजेवर, आणि आजच उत्पादकांच्या दुधाचं ११ ते २० तारखेचं बिल.

बिलाचं काम सकाळी ११ ला सुरू. ११:०९ ला ग्राफानातल्या ओळी थांबल्या. कमी झाल्या नाहीत, थांबल्याच. वाटलं बिलच अडकलं. टर्मिनलवर थेट लॉग लावले तर बिल मजेत चाललेलं, आणि मध्येच ही ओळ: एरर एल१०, आउटपुट बफर ओव्हरफ्लो, अमुक ड्रेनने १,८४७ संदेश टाकून दिले, अमुक वेळेपासून.

ही ओळ मी चार वेळा वाचली. आवडली, खरं सांगायचं तर. किती हरवलं आणि केव्हापासून, दोन्ही सांगते. पण सांगते कुणाला? ज्या वाटेने ती आमच्यापर्यंत यायची ती वाटच तुंबलेली. टर्मिनल उघडलं नसतं तर कळलंही नसतं.

एका तासात अशा नऊ ओळी. बेरीज १४,२०६. वेक्टर रीस्टार्ट केल्यावर थोडं वाहिलं, पुन्हा तुंबलं. शेवटी ड्रेन काढून ठेवला. बिल बरोबर झालं, पैसे वेळेत गेले. त्याच्या लॉगचा मोठा भाग मात्र गेला तो गेलाच.

२२ जून, शनिवार

सुट्टीचा दिवस, पण झोप लागेना. चूक सापडली आणि ती माझीच आहे. साखळी उलटीकडून लिहिते.

लॉगप्लेक्सने ओळी टाकल्या, कारण आमचं वेक्टर उत्तर देत नव्हतं. वेक्टर उत्तर देत नव्हतं, कारण त्याचा बफर भरलेला. मी तो डिफॉल्ट ठेवला होता: मेमरीत ५०० घटना, आणि भरला की मागच्याला थोपवून धर. बफर भरला, कारण लोकी माल घेत नव्हतं, ४२९ (‘फार झालं, थांबा’) म्हणून परत लावत होतं, आणि वेक्टर इमानेइतबारे तोच गठ्ठा पुन्हा पुन्हा नेत होतं. लोकी घेत नव्हतं, कारण एकाच वेळी जिवंत प्रवाहांची मर्यादा ५,००० आणि ती भरली. आणि भरली का? तर मी हौसेने बिलाच्या ओळीतला उत्पादक क्रमांकही लेबल केला होता.

लोकी मजकुराची अनुक्रमणिका करत नाही, फक्त लेबलांची करतं. लेबलांची प्रत्येक वेगळी जुळणी म्हणजे एक वेगळा प्रवाह. रोजच्या ओळीत उत्पादक क्रमांक नसतो, म्हणून आठवडाभर सगळं सुखात. बिलात साडेबारा हजार उत्पादक, प्रत्येकाची एक ओळ. पाच हजारांच्या पुढच्या माणसाला दारातच अडवलं. प्रत्येक सभासदाच्या नावाने वेगळं कपाट करणारा कारकून मी झाले होते, एका कपाटात एक कागद.

हे कागदपत्रांत ठळक लिहिलेलं आहे. मी वाचलेलंही होतं.

२४ जून, सोमवार

लेबलं तीनच ठेवली: ॲप, स्रोत, आणि प्रोसेसचा प्रकार. केंद्र, उत्पादक, विनंतीचा क्रमांक, सगळं मजकुरात राहील आणि शोधताना मजकूर फोडून घ्यायचं. शोध जरा हळू. चालेल.

वेक्टरचा बफर मेमरीतून डिस्कवर. डिस्कचा बफर २५६ एमबीपेक्षा लहान ठेवताच येत नाही, आम्ही २ जीबी दिला. आता ओळ डिस्कवर उतरली की वेक्टर लॉगप्लेक्सला ‘पोचलं’ म्हणून मोकळं होतं, लोकी पुढे आपल्या गतीने घेईल. आयर्लंड ते मुंबई प्रत्येक गठ्ठ्यामागे अंतराचा वेळ तर द्यावाच लागतो. त्यात लोकीची वाट बघणं नको.

बिलाच्या कामातल्या ओळीही कमी केल्या. दर उत्पादकामागे एक ओळ कुणीच वाचत नव्हतं. आता दर केंद्रामागे एक, आणि हिशोब चुकला तरच उत्पादकाची.

ड्रेन पुन्हा जोडला.

२८ जून, शुक्रवार

मुद्दाम बिघाड करून पाहिला. ॲप दर सेकंदाला चढता क्रमांक छापेल असं एक छोटं काम लावलं, आणि संध्याकाळी ६:०० ते ६:२० लोकी बंद ठेवलं. धाकटी दोनदा म्हणाली, ‘ताई, चालू करू या ना आता.’

६:२० ला सुरू केलं. तीन मिनिटांत सगळं आलं, क्रमांक एकही गळला नाही. गंमत म्हणजे वेक्टरने मोजलेल्या ओळी लोकीतल्यापेक्षा १४ ने जास्त. एक गठ्ठा लॉगप्लेक्सने दोनदा पाठवला होता, ओळख क्रमांक तोच. लोकी एकाच प्रवाहात तीच वेळ आणि तोच मजकूर पुन्हा आला तर दुसरी प्रत धरत नाही. हे फुकटात मिळालं.

१ जुलै, सोमवार

महिनाअखेरचं बिल. एल१० शून्य. चहा.

५ जुलै, शुक्रवार

२१ तारखेचा सल अजून जात नाही. ओळी हरवल्या याचा नव्हे, शांतता मला शांतता वाटली याचा. त्या दिवशी मी समोर होते म्हणून दिसलं. रात्री अडीचला लॉग येत नसतील तर ते पन्हळ तुंबली म्हणून, की दूध घालायला कुणी नाही म्हणून?

पहिला बेत: हेरोकूच्या शेड्युलरमधून एक धडधडीची ओळ छापायची. तो दहा मिनिटांच्या आत चालवता येत नाही. जमलं असतं, पण त्याआधी दुसरी गोष्ट लक्षात आली. रनटाइम मेट्रिक्स सुरू केले की प्रत्येक डायनो साधारण दर २० सेकंदांनी स्वतःचा भार आणि मेमरी लॉगमध्येच छापतो. म्हणजे ॲपला कुणी हात लावो न लावो, नाडी लागतेच. तीच धरली. पाच मिनिटांत एकही मेट्रिकची ओळ नाही तर फोन वाजतो. एल१० दिसला तरी वाजतो, पण तो दुय्यम. तुंबलेल्या पन्हळीतून तुंबल्याची बातमी येईल यावर मी आता विसंबत नाही.

साठवणीचा काळ लोकीत ४,४४० तास टाकला, म्हणजे १८५ दिवस. पाच दिवस पदरचे. लोकी आपणहून जुनं पुसत नाही, त्याच्या कॉम्पॅक्टर या भागाला तसं सांगावं लागतं. नाहीतर १८० दिवसांच्या नावाखाली जन्मभराचं साठत बसलं असतं.

९ जुलै, मंगळवार

वर्करच्या शेवटच्या काही ओळी कधीकधी येत नव्हत्या. डायनो दिवसातून एकदा आपोआप बदलला जातो, २४ तास आणि वर काही मिनिटं, त्या सुमाराला. रुबीचं आउटपुट टर्मिनलवर जात नसेल तर ते आधी स्वतःजवळ साठवतं. थांबण्याचा निरोप येऊन ३० सेकंदांत प्रोसेस आवरली नाही की ती मारली जाते, आणि साठवलेलं तिच्याबरोबर जातं. एसटीडीआउटला सिंक खरं केलं, म्हणजे ओळ न साठवता लगेच बाहेर. एका ओळीचा बदल, शोधायला दीड दिवस.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. सकाळी ६:४३ ला त्याच केंद्राच्या अण्णांचा फोन. ‘सायेब, परत तेच बगा.’

या वेळी लॉग होते. ६:३८ पासून वेब डायनोवर आर१४, मेमरीची मर्यादा ओलांडली, ५३१ एमबी, १०३.७ टक्के. ५१२ च्या वर गेलं की स्वॅप (मेमरीऐवजी डिस्क वापरणं) सुरू आणि सगळं रांगायला लागतं. लगेच खाली राउटरच्या ओळी: एच२७, ग्राहकाने विनंती मध्येच सोडली, स्थिती ४९९, सेवेचा वेळ दहा हजार मिलिसेकंदांच्या वर. केंद्रावरचं ॲप दहा सेकंद थांबून फोन ठेवतं, तसं आम्हीच लिहिलंय. राउटरच्या ओळीतला विनंती क्रमांक घेऊन रेल्सची तीच ओळ काढली. दुधाच्या दराचा तक्ता, फॅट-एसएनएफच्या प्रत्येक जोडीचा, दर नोंदीला अख्खा मेमरीत चढत होता.

मग इतर केंद्रांना का नाही? होतं. अकरा केंद्रांवर एच२७ दिसतात. बाकीच्या दहा जणांनी पुन्हा बटण दाबलं असणार आणि गप्प बसले असणार. फोन फक्त अण्णा करतात.

तक्ता एकदाच वाचून ठेवण्याचा बदल दुपारी अडीचला गेला. संध्याकाळच्या पाळीत मेमरी ३९० एमबीच्या आसपास, आर१४ नाही. अण्णांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, ‘बरं झालं. पण त्या दिशीचं काय घावलं का?’

५ जूनचं नाही घावलं म्हटलं. हेच असावं, पण दाखवायला काही नाही.

१९ जुलै, शुक्रवार

उरलेलं: ग्राफानाची सात लॉगिनं चारवर आणायची. रिलीजच्या ओळीत, नवी आवृत्ती कुणी चढवली तिथे, आमचे ईमेल पत्ते दिसतात. ते ठेवायचे, ऑडिटला तेच हवंय, पण संघाच्या लोकांना तो भाग दाखवायचा नाही. २ जीबीचा बफर किती वेळ पुरतो ते एकदा खरंच भरून बघायचं आहे. बिलाचा दिवस टाळून.